लाल रेघेची गोष्ट

घार पंख न हलवता गिरक्या घेत आभाळात वर वर जाते, हे दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण हीच घार खाली सूर मारते तेव्हा काय करते, ते तुम्ही कधी नीट पाहिलंय का? ती पंख आखडून घेते. चढताना ऐसपैस पसरलेले पंख वेगानं उतरताना ती अंगाशी ओढून घेते. लांब पंख संथ उडण्यासाठी आणि आखूड पंख वेगासाठी, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

माणसानं घारीचं उडणं उचललं, पण पंख आखडण्याची युक्ती काही त्याला साधली नाही. आजची गोष्ट त्या न साधलेल्या युक्तीची आहे.

पुण्यात हडपसरच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ग्लायडर म्हणजे काय हे सांगायला नको. तारेनं ओढून वर फेकलेलं, इंजिन नसलेलं, आवाज न करता तरंगणारं ते विमान त्यांनी पाहिलेलं असेल. आपल्या देशात तयार झालेल्या ग्लायडरना नक्षत्रांची नावं होती – अश्विनी, रोहिणी, भरणी. ग्लायडरमध्ये वैमानिकासमोर मोजकीच उपकरणं असतात. त्यातली वेग दाखवणारी तबकडी महत्त्वाची. तिच्यावर एक हिरवा पट्टा असतो, पुढे पिवळा पट्टा आणि शेवटी एक लाल रेघ. काटा या रेघेपलीकडे कधीही, कोणत्याही कारणानं जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे.

ज्या विमानाला इंजिनच नाही, त्याला वेगाची एवढी धास्ती कशासाठी? याचं उत्तर शोधायला आपल्याला शंभर वर्षं मागे, जर्मनीत जावं लागेल.

पंख लांबत गेले

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि 1919च्या व्हर्सायच्या तहानं त्याच्या विमानविद्येवर कडक बंधनं आली. इंजिनाची विमानं बांधणं अवघड झालं, पण बिनइंजिनाच्या विमानांना मनाई नव्हती. मग तिथले विद्यार्थी, कारागीर, युद्धातून परतलेले वैमानिक र्‍होन भागातल्या वासरकुप्पं नावाच्या बोडक्या डोंगरावर जमू लागले. 1920 साली तिथे ग्लायडरची पहिली स्पर्धा झाली. सुरुवातीची उड्डाणं काही मिनिटांचीच असायची. मग हानोफरच्या विद्यार्थ्यांनी 'व्हॅम्पायर' नावाचं ग्लायडर बनवलं. 1922 साली त्यातून आधी तासाभराचं आणि काही दिवसांतच तीन तासांहून अधिक वेळाचं उड्डाण झालं. या ग्लायडरच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी होती 12.6 मीटर.

पंख लांब का हवेत, हे थोडक्यात सांगतो. पंखाच्या खालची हवा दाबाखाली असते, वरची विरळ. पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर येऊ पाहते आणि तिथे भोवरे तयार होतात. या भोवर्‍यांत ग्लायडरची शक्ती वाया जाते. पंख जितका लांब आणि अरुंद, तितकं हे नुकसान कमी. इंजिन नसलेल्या विमानाला शक्तीचा थेंबन् थेंब मोलाचा, म्हणून पंख लांबत गेले.

या शर्यतीत रॉबर्ट क्रॉनफेल्ड हा ऑस्ट्रियाचा तरुण आघाडीवर होता. 'वीन' म्हणजे व्हिएन्ना. या नावाच्या 19 मीटर पंखांच्या ग्लायडरमधून त्यानं 1929 साली 100 किलोमीटरहून लांबचं उड्डाण केलं. 1931 साली त्यानं इंग्लिश खाडी बिनइंजिनाच्या विमानानं जाऊन-येऊन पार केली. मग त्यानं कुप्पर या रचनाकाराकडून एक अचाट ग्लायडर बनवून घेतलं. त्याला नाव दिलं आपल्या देशाचं, 'आउस्ट्रिया'. त्याच्या पंखांची लांबी होती 30 मीटर. क्रिकेटच्या दीड खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, म्हणजे अंदाज येईल. मध्ये एक माणूस बसायचा आणि सगळं बांधकाम होतं लाकडाचं.

मंद वार्‍यात अगदी सावकाश तरंगत राहणारं विमान, ही 'आउस्ट्रिया'ची कल्पना होती. पण ते तयार होईपर्यंत खेळच बदलला होता. डोंगराच्या उतारावर आपटून वर चढणार्‍या वार्‍यावर विसंबणारे वैमानिक आता ढगांखालचे उष्ण हवेचे स्तंभ शोधू लागले होते, इतकंच काय, सरळ ढगांत शिरू लागले होते. मोठ्या ढगाच्या पोटात हवा जोरानं वर चढत असते. उंची फुकट मिळते, पण बाहेरचं काहीच दिसत नाही. 1932 साली क्रॉनफेल्ड 'आउस्ट्रिया' घेऊन अशाच एका ढगात शिरला. आतल्या खळबळीत ग्लायडरचा वेग मर्यादेबाहेर गेला आणि त्याचे तुकडे झाले. क्रॉनफेल्ड पॅराशूटनं सुखरूप उतरला. जगातलं सर्वांत मोठं ग्लायडर मात्र हवेतच संपलं.

दोन टोकं, दोन वेग

हे असं का होतं? संथ तरंगण्यासाठी बनवलेलं यंत्र एवढ्या वेगात जातंच कसं?

एक साधं गणित पाहू. समजा, साडेसव्वीस मीटर पंखांचं ग्लायडर ताशी 100 किलोमीटर वेगानं, 45 अंश कलून गोल फिरतंय. या वर्तुळाची त्रिज्या साधारण 80 मीटर येते. मधल्या भागाचा वेग 100 असेल, तर आतल्या बाजूच्या टोकाचा वेग येतो 88 आणि बाहेरच्या टोकाचा 112. एकाच विमानाची दोन टोकं दोन वेगांनी उडत असतात! बाहेरचा पंख जास्त उचलला जातो, त्यामुळे विमान आणखी कलतं. आणखी कललं की नाक खाली जातं आणि वेग वाढतो. आखूड पंखांच्या विमानात हा फरक किरकोळ असतो. लांब पंखांच्या ग्लायडरमध्ये वैमानिकाला तो सतत सावरत राहावा लागतो. ढगात क्षितिज दिसत नसल्यामुळे कल वाढतोय हे कळतच नाही. मग सुरू होतो चक्राकार सूर, म्हणजे 'स्पायरल डाइव्ह'.

ग्लायडर इतकं गुळगुळीत असतं, की त्याला हवा फारशी अडवतच नाही. नाक 45 अंश खाली गेलं, तर दर सेकंदाला ताशी जवळजवळ 25 किलोमीटरनं वेग वाढतो. संथ गतीपासून लाल रेघेपर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद पुरतात. हे वाक्य वाचायला लागतो, त्याहून फार जास्त वेळ नाही.

फडफड

वेग वाढला तर बिघडतं काय? पंख भक्कम बांधावा की, असं आपल्याला वाटतं. विमानविद्येच्या पहिल्या पिढीलाही तसंच वाटलं होतं.

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढा आणि टोक दाबून सोडा. ती भरभर थरथरते. आता ती आणखी बाहेर काढा. थरथर संथ होते, पण झोके मोठे होतात. लांब पंखाचं असंच आहे. तो वर-खाली झुलतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. वर जाताना त्याची पुढची कड वर वळलेली असली, तर वारा त्याला आणखी वर ढकलतो. खाली येताना कड खाली वळली, तर आणखी खाली. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसा इथे वाराच धक्का देतो. वेग कमी असताना हीच हवा थरथर शमवते. पण एक ठरावीक वेग ओलांडला की ती शमवण्याऐवजी वाढवू लागते. मग दोन-चार सेकंदांत पंख तुटू शकतो. याला म्हणतात 'फ्लटर', फडफड.

यात खरा गुन्हेगार पुष्कळदा एलरॉन असतो. एलरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ बिजागरीवर बसवलेली हलती फळी. विमान डावी-उजवीकडे कलवण्यासाठी ती वापरतात. या फळीचं वजन बिजागरीच्या मागे असतं. पंख झटक्यानं वर गेला की फळी मागे रेंगाळते, म्हणजे खाली झुकते. फळी खाली झुकली की पंखाची उचल वाढते आणि तो आणखी वर जातो. डच नौदलाच्या एका विमानाची अशी फडफड तपासताना फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या दोघांनी 1923च्या सुमारास उपाय शोधला. पंख जाड करायची गरज नाही, बिजागरीच्या पुढे थोडं वजन बांधा, म्हणजे फळी दोन्हीकडे तोलली जाईल! ही युक्ती विमानांत आजही वापरली जाते. पुढे 1928 साली ब्रिटनमध्ये फ्रेझर आणि डंकन यांनी फडफडीचं सविस्तर गणित मांडलं.

त्याच काळात दुसरी एक विचित्र गोष्ट उघडकीला आली. 1927 साली 'ब्रिस्टॉल बॅगशॉट' या इंजिनाच्या विमानाची चाचणी चालू होती. वेग वाढवत नेला तसं वैमानिकाच्या लक्षात आलं, की एलरॉनचा परिणाम कमी कमी होतोय. पुढे तो शून्य झाला आणि त्यानंतर तर उलटा! कारण पंख पिळला जायला सोपा होता. एलरॉन खाली झुकलं की पंखाची मागची कड वर ढकलली जायची, पुढची कड खाली वळायची आणि एलरॉननं कमावलेली उचल पंखच गमावून बसायचा. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे फिरवावं आणि गाडी उजवीकडे वळावी, तशातला प्रकार.

या दोन्ही शोधांचा अर्थ एकच होता. पंख मजबूत आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो पिळला किती जातो, त्याचं वजन कुठे वाटलं आहे आणि वेग किती आहे, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं. ज्याचे पंख सर्वांत लांब, त्याला तर हे सगळ्यांत आधी.

हवेतला ब्रेक

गणित हाती आलं, तरी ढगात अडकलेल्या वैमानिकाला त्याचा काय उपयोग? त्याला वेग रोखणारं काहीतरी हाताशी हवं होतं. जर्मनीतल्या ग्लायडिंग संशोधन संस्थेत हान्स याकोब्स या रचनाकारानं 1930च्या दशकाच्या मध्याला पंखांतून वर-खाली उघडणार्‍या फळ्या बसवल्या. दांडी ओढली की फळ्या वार्‍यात आडव्या उभ्या राहणार आणि वेगाला वेसण बसणार. ग्लायडर अगदी उभं खाली सूर मारत असलं, तरी या फळ्यांनी वेग मर्यादेत राहावा, असं उद्दिष्ट होतं.

याची खात्री करायची, तर कुणीतरी ग्लायडर उंच नेऊन नाक सरळ जमिनीकडे करायला हवं होतं. हे काम हॅना राइच या तरुण चाचणी-वैमानिकेनं केलं. पायरी-पायरीनं उतार वाढवत शेवटी तिनं उभा सूर मारला. ब्रेक टिकले, ग्लायडर टिकलं. 1937 साली तिला 'फ्लुगकॅपिटान' हा सन्मान मिळाला. पुढे हिटलरच्या राजवटीवरच्या तिच्या निष्ठेमुळे तिच्या नावाला कायमचा डाग लागला, हेही इथे सांगायला हवं. 1959 साली ती भारतात आली होती. दिल्लीत ग्लायडिंगच्या कामात तिनं मदत केली आणि पंडित नेहरूंना ग्लायडरमधून दिल्लीवर फिरवून आणलं.

आज जवळजवळ प्रत्येक ग्लायडरमध्ये दिसणारे एअरब्रेक या परंपरेतले आहेत. फक्त अट सैल झाली आहे. उभ्या सुरात वेग रोखण्याऐवजी ढगांत किंवा कसरतींसाठी उडणार्‍या ग्लायडरना 45 अंशांच्या आणि इतरांना 30 अंशांच्या सुरात तो रोखता आला तरी चालतं, असं नंतरच्या युरोपीय नियमांनी ठरवलं. ग्लायडर गुळगुळीत होत गेली, पंख लांबत गेले, त्याची ही तडजोड.

लवचीक पंखांचं नवं युग

युद्धानंतर लाकूड मागे पडलं. 1957 साली जर्मनीत 'फिनिक्स' हे काचतंतूंच्या फायबरचं पहिलं ग्लायडर उडालं. फायबर ताकदीला पक्कं, पण लाकडापेक्षा जास्त वाकणारं. 1969 साली ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी 22 मीटर पंखांचं 'एसबी-9' बनवलं. त्याचे पंख हवेत धनुष्यासारखे वर वळत. वेग वाढवून चाचणी घेताना ते पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडले आणि त्याचं चित्रीकरणही झालं. ते पाहताना पोटात गोळा येतो. त्याच विद्यार्थ्यांच्या 1972च्या पुढच्या ग्लायडरमध्ये कार्बन तंतू आले. कार्बन हलकं आणि तरी ताठ. त्यामुळे पंख पुन्हा 25 मीटरच्या पुढे गेले, पण आता ते गणित करून, जमिनीवर थरथरवून, मोजूनमापून.

यानंतर प्रश्न सुटला असं वाटणं साहजिक होतं. तो सुटला नव्हता, हे 1999च्या जुलै महिन्यात कळलं.

तीन वाटा, तिन्ही बिकट

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात मिंडेन हे ग्लायडर वैमानिकांचं आवडतं ठिकाण आहे. तिथे साडेसव्वीस मीटर पंखांचं 'निंबस-4डीएम' हे दोन आसनी ग्लायडर घेऊन दोघं जण उडाले होते. हे यंत्र असं, की 1 किलोमीटर उंचीवरून सोडलं तर शांत हवेत 60 किलोमीटर दूर जाऊन उतरेल. वळताना ते घसरलं, चक्राकार सुरात सापडलं, वेग लाल रेघेपलीकडे गेला. सूर मोडत असताना पंख वर वाकत गेले आणि तुटले. दोघांचाही मृत्यू झाला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं कसून तपास केला. निष्कर्ष असा, की ग्लायडरनं मर्यादेबाहेरचा वेग गाठला, सुरातून बाहेर पडण्यासाठी एलेव्हेटर प्रमाणाबाहेर ओढला गेला आणि पंखांवर रचनेच्या अंतिम मर्यादेपेक्षा जास्त भार आला. म्हणजे पंख दगा देऊन तुटले नव्हते. जेवढं सोसायला ते बनवले होते, त्याहून अधिक त्यांच्यावर लादलं गेलं.

सुरातल्या त्या क्षणांत वैमानिकासमोर काय असतं, ते समजून घेऊ. जमीन अंगावर येत असते. पहिली वाट म्हणजे दांडी मागे ओढून नाक वर घ्यायचं. पण पंखावरचा भार वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला, तर तेवढ्याच ओढीनं चौपट भार येऊ शकतो. कमी वेगात दांडी पूर्ण ओढली, तर पंख मोडण्याआधी उचल सोडून देतो, जणू विजेचा फ्यूज उडावा तसा. जास्त वेगात हा फ्यूज नसतो. तिथे माणसाचा हात पंख मोडू शकतो.

दुसरी वाट एअरब्रेकची. ते उघडले की वेगाला आळा बसतो, पण जिथे ते उघडतात, तिथली पंखाची उचल नाहीशी होते. तो बोजा टोकाकडच्या भागावर सरकतो आणि पंख आणखी वाकतो. एरवी सर्वोच्च वेगाला वजनाच्या चौपट भार धरून पंख आखतात, तर ब्रेक उघडे असताना साडेतीन पटच धरतात. म्हणजे ब्रेक लावावेत, तर दांडी आणखी हळू ओढावी लागते.

तिसरी वाट म्हणजे घाई न करता हळूहळू सावरायचं. पण तोवर वेग वाढतच राहतो आणि रेघेपलीकडे फडफड वाट पाहत असते.

या तिन्हींतून मार्ग असतो, तो फक्त सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत. आधी कल काढायचा, पंख सरळ करायचे आणि मगच दांडी अलगद ओढायची. म्हणून शिकवताना सांगतात, की पिवळ्या पट्ट्यात हात हलका ठेवा आणि लाल रेघेजवळ दांडी एकतृतीयांशाहून जास्त हलवू नका. घाबरलेला हात नेमकं उलट करतो. घट्ट धरतो आणि जोरात ओढतो.

रेघ जागा बदलते

या रेघेची आणखी एक गंमत आहे. वेगाची तबकडी खरं तर वेग मोजत नाही, ती हवेचा दाब मोजते. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे 12 किलोमीटर उंचीवर तबकडी ताशी 100 दाखवत असेल, तर खरा वेग साधारण 200 असतो. आणि फडफडीला तबकडीवरच्या वेगाशी नव्हे, बर्‍याच अंशी खर्‍या वेगाशी देणंघेणं असतं. म्हणून उंच उडणार्‍या वैमानिकाजवळ एक छोटा तक्ता असतो. जितके वर जाल, तितकी लाल रेघ खाली आणा, असं तो सांगतो. 2018च्या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनातल्या एल कालाफाते इथून 'पर्लान 2' हे साडेपंचवीस मीटर पंखांचं ग्लायडर पर्वतावरून उठणार्‍या वार्‍याच्या लाटांवर स्वार होऊन सुमारे 22.6 किलोमीटर उंच गेलं. तिथे खरा वेग तबकडीच्या साडेचार पट होतो. इंजिनाशिवाय एवढी उंची गाठणार्‍यांचं एक मोठं काम होतं, ते म्हणजे पंख फडफडू न देणं.

तीस मीटरचं स्वप्न पाहणार्‍या क्रॉनफेल्डचं पुढे काय झालं? तो ज्यू होता. 1933 साली त्यानं जर्मनी सोडली आणि तो ब्रिटनमध्ये स्थायिक झाला. तिथे चाचणी-वैमानिक म्हणून काम करताना, 12 फेब्रुवारी 1948 रोजी शेपूट नसलेल्या एका प्रायोगिक ग्लायडरच्या अपघातात त्याचा अंत झाला. अशा चाचण्यांतूनच पुढच्या वैमानिकाची मर्यादा ठरते.

मर्यादा म्हटलं की आपल्याला ती कुणीतरी कार्यालयात बसून घातलेली अट वाटते. घाटातल्या वळणावर वेग कमी ठेवा, अशी पाटी दिसते, तेव्हाही आपल्याला तसंच वाटतं. तबकडीवरची ती लाल रेघ एका गणितानं आखली, हे खरं. पण त्या गणितात एका ढगात फुटलेलं ग्लायडर आहे, डच अभियंत्यांनी बिजागरीपुढे बांधलेलं वजन आहे, उभा मारलेला सूर आहे आणि मिंडेनचे ते दोघं आहेत. घारीला ही रेघ लागत नाही, कारण तिला पंख मिटता येतात. आपल्याला येत नाहीत, म्हणून रेघ पाळावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)